घर कोणाचे? महाराष्ट्रातील एका जुन्या चर्चेचा आढावा

१८८७ च्या मार्च महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना निकाल सुनावला : महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली आणि शिकली होती. वयात आल्यावर दादाजी भिकाजी यांच्या घरी जायला तिने नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने कौल दिला होता, तो अपिलात फिरला. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. बाईने कोणत्या घरात राहायचे हे ठरवणार कोण, हा प्रश्न या खटल्यामुळे माजघरातून उठून वर्तमानपत्रांत, सभांत आणि कोर्टात आला. तो पुन्हा माजघरात गेला नाही.

तेव्हापासून महाराष्ट्रात घराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र लिहिणारे वेगवेगळ्या दालनांत बसलेले आहेत. उत्खनन करणारे घराचा पाया मोजतात, समाजशास्त्रज्ञ चुली मोजतात, स्त्रीवादी अभ्यासक घरातले श्रम आणि सत्ता पाहतात, दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांनी घर नाकारले जाण्याचा अनुभव मांडला आहे, तर वकील मालकीचे कागद पाहतात. या सगळ्यांना एकत्र ठेवून चर्चा आज कुठे पोहोचली आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न. मला स्वतःला या सर्व लेखनाच्या मुळाशी एकच विचारणा दिसते : घरावर हक्क कोणाचा, आणि घर चालवण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला?

जमिनीतली घरे आणि दफ्तरातली घरे

महाराष्ट्रातल्या घराचा सर्वांत जुना सविस्तर पुरावा पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला मिळाला. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. आधीच्या काळात तेथे कुडाच्या भिंतींची प्रशस्त चौकोनी घरे होती. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. म. के. ढवळीकर यांनी हा बदल पर्जन्यमान घटण्याशी आणि त्यातून आलेल्या दारिद्र्याशी जोडला. धान्यकोठाराशेजारचे पाच खोल्यांचे घर गावप्रमुखाचे असावे, असाही त्यांचा तर्क आहे. म्हणजे घराच्या आकारावरून घरवाल्याची पत वाचता यावी, इतकी विषमता तीन हजार वर्षांपूर्वी या मातीत होती. आणखी एक गोष्ट मनात राहते. लहान मूल गेले की दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मूल घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही भावना त्यामागे असावी असे वाटते, पण तो अंदाजच आहे.

त्यानंतरच्या फार मोठ्या काळातल्या सामान्य घरांची माहिती तुटपुंजी आहे. लेणी टिकली, देवळे टिकली. कुडामातीची घरे टिकली नाहीत. पेशवाईपासून मात्र वाडा डोळ्यांसमोर येतो : दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, माडी, परसू. १७३० मध्ये पायाभरणी झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा अजून उभा आहे. वाड्यावरचे लेखन बहुधा स्थापत्याचे असते. ओसरीपर्यंत कोण येई, माजघरापर्यंत कोण, मागच्या दाराने कोणाला यावे लागे, हे त्यात क्वचित येते. त्या बाबतीत त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ चे ‘गावगाडा’ आजही अधिक उपयोगी पडते. बलुत्याच्या व्यवस्थेत कोणाचे घर कोठे आणि कोणाच्या दारात कोण कशासाठी उभा, हे आत्र्यांनी महसुली नोकरीतल्या प्रत्यक्ष पाहणीतून लिहिले. त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद असणारे अभ्यासकही या तपशिलासाठी त्यांच्याकडे वळतात.

एकत्र कुटुंबाचा वाद

पूर्वी सगळे एकत्र राहत, शहरे आणि इंग्रजी शिक्षण आले आणि घरे फुटली, अशी एक समजूत मराठी मनात घट्ट आहे. समाजशास्त्रातला मोठा वाद हिच्याभोवती झाला. पुण्याजवळच्या लोणीकंद या गावाची पाहणी डॉ. थॉमस कोट्स यांनी १८१९ च्या सुमारास, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर लगेच केली होती. गो. स. घुर्ये यांनी १९५८ मध्ये त्याच गावाकडे पुन्हा पाहिले आणि पॉलिन कोलेंडा यांनी १९६७ पर्यंतची माहिती जोडून तिन्ही काळांची तुलना केली. एकत्र कुटुंबे सरळ रेषेत घटत गेली, असे चित्र त्यातून निघाले नाही. १८१९ च्या लोणीकंदमध्येही लहान कुटुंबे भरपूर होती.

शेजारच्या गुजरातमधून दोन महत्त्वाचे धागे आले. आय. पी. देसाई यांनी महुवा या लहान शहराच्या अभ्यासात दाखवले की चुली वेगळ्या असल्या तरी मालमत्ता, सणवार आणि जबाबदाऱ्या एकत्र असू शकतात. ए. एम. शहा यांनी १९७३ च्या ग्रंथात एका छताखाली राहणारी माणसे आणि नात्याने बांधलेले कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, असा आग्रह धरला. इरावती कर्वे यांची बाजू थोडी निराळी होती. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात एकत्र कुटुंब म्हणजे एक छत, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुलाचार असा व्यापक अर्थ आहे, आणि नातेसंबंधांच्या रचनेत महाराष्ट्र उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश ठरतो.

या वादाचा एक भाग मला अपुरा वाटतो. एकत्र की विभक्त, हे मोजताना गणना घरप्रमुख पुरुषापासून सुरू होते. त्याच घरात राहणारी विधवा आत्या किंवा नवऱ्याने टाकलेली बहीण ‘अवलंबित’ म्हणून नोंदली जाते. तिच्या बाजूने पाहिले तर ते घर एकत्र आहे की नुसता आसरा, हे मोजायला या पद्धतीत जागा नाही.

माजघरातून आलेले प्रश्न

एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र या विषयात विलक्षण समृद्ध आहे. फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावे, म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापला. या संस्थांमागचा विचार सारखा होता : जिला सासर नाही आणि माहेर ठेवून घेत नाही, तिला तिसरे घर हवे. ते समाजाने उभारले पाहिजे, ही कल्पना त्या काळात नवी होती. तिला विरोधही तितकाच झाला.

रखमाबाईंच्या खटल्यामागून आलेल्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर टिळकांचा ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ समोरासमोर उभे राहिले. टिळकांचे म्हणणे, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घालू नये. सुधारणा समाजाने आतून करावी. आगरकरांचे म्हणणे, अन्याय घरात होतो म्हणून तो खासगी ठरत नाही. संमतीचे वय दहावरून बारा झाले. दोघांच्या भूमिकांचे धागे आजच्या कौटुंबिक कायद्यांच्या चर्चेतही सापडतात.

इतिहासकारांमध्ये या काळाबद्दल एक प्रसिद्ध मांडणी आहे. पार्थ चटर्जी यांनी १९८९ मध्ये बंगालच्या आधारे असे मांडले की राष्ट्रवाद्यांनी जगाचे ‘घर’ आणि ‘बाहेर’ असे दोन भाग केले. बाहेर इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले, घर मात्र आपल्या संस्कृतीचे अस्पर्श केंद्र मानले आणि त्याची राखण स्त्रीकडे सोपवली. महाराष्ट्राचे अभ्यासक ही मांडणी पूर्णपणे स्वीकारत नाहीत. उमा चक्रवर्ती यांनी पंडिता रमाबाईंवरच्या ग्रंथात दाखवले की येथे घराची चौकट लिंगभावाइतकीच जातीने बांधलेली होती आणि पेशवाईतली राज्यसत्ता घरात सरळ हस्तक्षेप करत असे. मीरा कोसंबी यांनी उंबरठा ओलांडणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या लेखनाकडे लक्ष वेधले. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणी वाचताना हे जाणवते : त्यांच्या शिकण्याला नवऱ्याचा पाठिंबा होता आणि घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांचा कडवा विरोध. एकाच घरात ‘आत’ आणि ‘बाहेर’ रोज भांडत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त तर घर धर्मावरून दुभंगते. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. मधल्या वर्षांतला त्यांचा संसार कोणत्याही सिद्धांतात नीट बसत नाही.

कथनात्मक साहित्यात ही चर्चा हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीने रुजवली. तिची कथा यमू स्वतः सांगते, ही त्या काळी मोठी झेप होती. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने मिळवत्या अविवाहित मुलींची घरातली घुसमट मांडली आणि खळबळ उडवली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. काम करण्यासाठी घर सोडलेल्या बाईला परतल्यावर घरात जागा उरत नाही, ही त्याची कथा.

छापील साहित्याच्या फार आधीपासून बायका पहाटे जात्यावर बसून घराबद्दल ओव्या गात आल्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी त्या गोळा करण्याचे काम हाती घेतले, त्यांची संख्या लाखावर गेली. सासर-माहेर, भावाची वाट पाहणे, दळणाचे कष्ट यांचा एवढा मोठा ऐवज इतर कोठे क्वचितच असेल. त्याचा समाजशास्त्रीय अभ्यास मात्र त्या मानाने थोडाच झाला आहे.

गावकुसाबाहेर

येथपर्यंतच्या चर्चेत घर आहे हे गृहीत होते. ते गृहीतक दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या लेखनाने मोडले, आणि माझ्या मते या विषयातली गेल्या साठ वर्षांतली सर्वांत मोठी भर तीच आहे.

बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ च्या संग्रहातली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी राहायला खोली शोधतो आणि ती मिळावी म्हणून जात लपवतो. खोलीचे भाडे परवडते, जात परवडत नाही. १९१७ मध्ये बडोद्याला डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. ही हकीकत या संदर्भात वाचली की तिचे वजन कळते.

दया पवार यांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांच्या मध्ये माणसे हेलपाटत राहतात. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या ‘उपरा’त बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर असते. घर म्हणजे आज जेथे पाल पडले ते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये पोलीस केव्हाही दारात येऊ शकतात, तेव्हा दार असून नसल्यासारखे. या माणसांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. तो १९५२ मध्ये गेला, पण तारेच्या कुंपणातल्या वसाहतींची आठवण पुसली गेली नाही. मालतीबाई बेडेकर यांनी अशा वसाहतीत काम केले होते आणि त्यावर ‘बळी’ ही कादंबरी १९५० मध्ये लिहिली. ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर त्याच. मध्यमवर्गीय माजघरापासून तारेच्या कुंपणापर्यंत पोहोचलेल्या या लेखिकेचा समग्र विचार घराच्या अंगाने व्हायला हवा होता.

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी आणखी एक पदर उघडला. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचे २००३ चे ‘आयदान’ वस्तीवरचा अन्याय सांगतातच, शिवाय वस्तीतल्या घरात सून म्हणून सोसलेलेही सांगतात. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये या लेखनाचा अभ्यास करताना त्याला साक्षीचे मोल दिले. काही कार्यकर्त्यांना मात्र वाटते की घरातला छळ असा उघड्यावर मांडला की वस्तीला आधीच बदनाम करणाऱ्यांच्या हाती साधन मिळते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्यांनी लिहिले त्यांनी ही जोखीम ओळखूनच लिहिले.

चाळ, वाडा, नवे गाव

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर सुधारणा ट्रस्ट आला आणि १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक शौचालय, लांब गॅलरी. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’ने मध्यमवर्गीय चाळीला मराठी मनात कायमची जागा दिली. गिरणगावातल्या चाळीचे चित्र वेगळे आहे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, १९८२ च्या संपानंतर रिकामी झालेली घरे. याच खानावळवाल्यांतून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. घरातल्या चुलीला तेव्हा प्रथम बँकेचे कर्ज मिळाले.

नीरा आडारकर यांनी संपादित केलेल्या २०११ च्या ग्रंथात चाळीच्या सामूहिक जीवनाचे मोल आणि तिथली कोंडी, दोन्ही आहेत. पुनर्विकासाच्या वादातही हेच दोन सूर ऐकू येतात. आता बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. आतले शौचालय आणि स्वतंत्र स्वयंपाकघर यांचे महत्त्व तिथल्या बाईला विचारावे. गॅलरी गेल्याचे दुःख खरे आहे, पण ते बहुतेक वेळा चाळ सोडून गेलेल्यांच्या लेखणीतून येते.

वाड्याच्या पडझडीवर महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’इतके खोल कोणी गेले नाही. वैदर्भीय देशपांडे घराणे, वडिलांच्या तेराव्यासाठी जमलेली भावंडे, दारात गंजणारा ट्रॅक्टर. कोणी यात सरंजामी घराचा शोक पाहतो, कोणी त्याचा पंचनामा. शिकू न दिलेल्या प्रभाकडे पाहिले की मला दुसरे वाचन अधिक पटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. उन्हापासून राखणारे घरच कोसळले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते काटकोनात आले आणि घरांचे आकार जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट ठरले. सुरक्षितता आली, गुरांची जागा, भावकीची आळी आणि बायकांना बसायचा आडोसा गेला. लोकांनी पुढे स्वतःच भिंती, पडव्या आणि शेड जोडत घरे आपली केली. पुनर्वसनाच्या अभ्यासात हा अनुभव वारंवार येतो, तरी नव्या वसाहतींचे नकाशे पुन्हा काटकोनातच निघतात.

नाव कोणाचे

कायद्याच्या बाजूने बदल वेगाने झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ नुसार कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारसांनी केल्याशिवाय मुलीला मागता येत नसे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, मात्र आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने कलम २३ गेले आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मुलीचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट झाले. गावपातळीवर शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करण्याचे आवाहन केले होते. पुढे राज्य सरकारने ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत पती-पत्नी दोघांचे नाव लावण्याचे धोरण घेतले, आणि २०२१ पासून महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

गोव्याचा मार्ग वेगळा. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेमुळे तेथे लग्नानंतर सर्वसाधारणपणे दोघांचा मालमत्तेवर निम्मा-निम्मा हक्क असतो. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. तरी निम्मा हक्क असलेल्या बाईच्या हातात कारभारही असतो का, हा प्रश्न तेथेही विचारला जातो.

अनुत्तरित

सातबारा किंवा नमुना आठवर नाव आल्याने घरातली सत्ता बदलते का, यावर एकमत नाही. काहींच्या मते नाव ही पहिली आणि निर्णायक पायरी आहे. इतरांच्या मते भावाला हक्कसोडपत्र करून देणाऱ्या बहिणींची परंपरा कायद्याला पुरून उरते. श्रमांची विभागणी तर कायद्याच्या पलीकडे आहे. २०२४ च्या केंद्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातले विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८. त्यातले पाणी, स्वयंपाक आणि स्वच्छता अनेक घरांत मोलकरणीकडे जाते. तिच्यासाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण जेथे ती काम करते ते घर कामाचे ठिकाण मानायचे की खासगी जागा, याचा निकाल व्यवहारात लागलेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचे सहा महिन्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी. ते घरांच्या कोणत्या नोंदीत धरायचे, हेही ठरायचे आहे.

आणि अलीकडे एक नवा पेच उभा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. २००६ च्या बत्रा निकालाने सासूच्या मालकीच्या घरात तो नाकारला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका बदलली. दरम्यान २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली म्हातारे आईवडील मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढण्याची मागणी करू लागले. २०२० च्या डिसेंबरमध्ये वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एक कायदा वापरून दुसऱ्याने दिलेला हक्क पुसता येणार नाही, दोन्हींचा मेळ घालावा लागेल. हा मेळ प्रत्यक्षात घालायचा आहे तो सासू-सासऱ्यांचा अर्ज ऐकणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्याला आणि सुनेची तक्रार ऐकणाऱ्या दंडाधिकाऱ्याला. दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांत, दोन खोल्यांच्या त्याच एका घराबद्दल.